फिटचा त्रास असताना ध्यान करावं का?

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलीला अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत, दीड वर्षात फिट आलेली नाही. तिला दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जायचंय. कुणी म्हणतं ध्यानाने गोळ्या सुटतात, कुणी म्हणतं ध्यानानेच फिट येते. खरं काय?

उत्तर : दोन्ही म्हणणी टोकाची आहेत. ध्यानाने ताण हलका होतो आणि ताणामुळे अनेकांना फिट येते, म्हणून काहींना फायदा जाणवतो. पण ते औषधाची जागा घेत नाही. गोळ्या अचानक थांबवल्या तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्यात सहसा धोका नसतो. घोळ होतो तो त्यासोबतच्या गोष्टींनी. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढताना रुग्णाला मुद्दाम ३ मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दडलेला दोष आलेखावर उमटतो. जे तपासणीसाठी मुद्दाम करतात, ते शिबिरात भस्त्रिका-कपालभाती म्हणून कशाला? प्रकाशाच्या लुकलुकीने फिट येत असेल तर ज्योतीवरचं त्राटकही (ज्योतीकडे टक लावून बघणं) टाळावं. सगळ्यात वाईट म्हणजे पहाटे ४ला उठून झालेली झोपमोड.

आणखी एक गोष्ट शिबिरात हमखास निसटते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, नसलेला वास येणं, ‘हे आधी घडलंय’ असा भास होणं, याला तिथे ‘अनुभव’ म्हणून दाद मिळते. टेम्पोरल लोबमधली (मेंदूच्या कानाजवळच्या भागातली) छोटी फिटही अशीच असते. दरवेळी अगदी तेच होत असेल, मिनिट-दोन मिनिटांत संपत असेल आणि मागाहून थोडा वेळ काही सुचत नसेल, तर तारीख-वेळ लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आधी घरी दिवसा १० मिनिटं, जमिनीवर, कोणी आसपास असताना करून पाहू द्या. पेंग आली की उठावं, कारण झोप लागतानाच काहींना फिट येते. शिबिराला डॉक्टरांची परवानगी हवी. आयोजकांना आजाराची लेखी कल्पना द्या. गोळ्या तिच्याजवळच हव्यात आणि ७-८ तास झोप मिळायला हवी. वेळापत्रक तिच्यासाठी बदलत नसतील तर नाव नोंदवू नका.

प्रश्न : ध्यानाला बसल्या जागी फिट आली तर?

उत्तर : घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके ५ मिनिटांत थांबले नाहीत किंवा शुद्ध येण्याआधीच पुन्हा सुरू झाले, तर रुग्णवाहिका बोलवा.