'बैठं काम बघा' असं सगळेच सांगतात

"पाठीचं ऑपरेशन झालं, जड काम बंद. आता या वयात मला कोण कामावर ठेवणार?" दुखापतीनंतर झेपेल असं काम शोधायला मी लोकांना मदत करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे कधी ड्रायव्हर असतात, कधी गवंडी, कधी वॉर्डात पेशंट उचलणाऱ्या मावशी. प्रत्येक वेळी मला पुण्याच्या भुसार बाजारातले एक हमाल दादा आठवतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

बावीस वर्षं टोळीत काम. ट्रकवरून गोणी घेताना पाय घसरला, कमरेतली चकती सरकली, नस दबली. ऑपरेशननंतरही डावं पाऊल नीट उचलेना. मेहुण्यांनी ओळखीने एका सोसायटीच्या गेटवर खुर्चीचं काम लावून दिलं. नवव्या दिवशी दादांनी ते सोडलं. माणूस कामचुकार झाला, असं घरच्यांना वाटलं. त्यांना स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि ते मला जास्त काळजीचं वाटलं.

माझ्यासमोर ते खुर्चीच्या कडेवर, एका अंगावर भार देऊन, टेबल घट्ट धरून बसले होते. वीसेक मिनिटांनी "माफ करा ताई" म्हणत उठून उभे राहिले. गेटवरचं काम का सुटलं, ते मला तेव्हाच कळलं. चकतीच्या दुखण्यात सलग बसणं अनेकांना उभं राहण्यापेक्षा, चालण्यापेक्षा जड जातं. बैठं काम म्हणजे हलकं काम, हे प्रत्येक पाठीला लागू नाही.

मी त्यांना एक वही दिली. किती वेळ बसलो, उभा राहिलो, चाललो, कधी कळ आली, हे पंधरा दिवस लिहायचं. दादा सातवी शिकलेले, मुलीने रकाने आखून दिले. निघालं ते असं: बसणं २० मिनिटं, एका जागी उभं राहणं अर्धा तास, सपाट जमिनीवर चालणं पाऊण तास. दुपारनंतर सगळंच अवघड. फिजिओथेरपिस्टनेही ही वही पाहून व्यायाम बदलले.

काम कसलं करायचं, ते मात्र ज्वारीवरून सुचलं. त्या दिवशी येताना मी ज्वारी घेतली होती, पिशवी टेबलापाशीच होती. दादांनी मूठभर तळहातावर घेतली, एक दाणा दाताखाली फोडला. "मालदांडी म्हणून दिली ना? मिसळ आहे. आणि ओल आहे ताई, उन्हात घाला, नाहीतर टोके होतील." मी म्हटलं, "हे कुठे शिकलात?" तर म्हणाले, "शिकायचं काय त्यात, गोण्या वाहून कळतं."

पण बाजारात परत जायला ते तयार नव्हते. ज्या गाळ्यांवर थप्प्या लावल्या, तिथे हात पसरायचे? यावर आमच्या तीन बैठका गेल्या. शेवटी काय बोलायचं ते आम्ही घोकून घेतलं: "गोणी उचलणार नाही. अर्ध्या तासाने जागा बदलावी लागते. माल उतरताना मोजणं, नमुना बघणं, नोंद करणं मी करतो." पाठीचं लपवायचं नाही, पण सुरुवातही रडगाण्याने करायची नाही. तिसऱ्या गाळेवाल्याने सकाळच्या पाळीपुरतं ठेवून घेतलं. पैसे आधीच्या निम्म्याहून कमी. मोबाइलवर नोंद करायला मुलीने शिकवलं.

कागदांचंही सांगते. दिव्यांग प्रमाणपत्र म्हणजे निकामी असल्याचा शिक्का, असं त्यांना वाटायचं. पण प्रमाणपत्र जरूर काढून घ्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर अनेक सवलती आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण त्यावर अवलंबून असतं. आणि जे सरकारी नोकरीत असताना असे जायबंदी होतात, त्यांनी घाबरून राजीनामा देऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्यांना झेपेल अशा दुसऱ्या पदावर, त्याच पगारावर घेण्याची तरतूद आहे.

थंडीत दादांची कंबर अजूनही धरते. परवा फोन आला होता. टोळीत नवा पोरगा आलाय, कमरेतून वाकून गोणी ओढत होता. "म्हटलं, थांब, आधी गुडघ्यात वाक. दिवसभर त्याच्याकडेच बघत होतो ताई."