गोव्यात दोनापावलला पहिल्यांदा खडकांवरचे समुद्री जीव बघायला जातोस तर...

अरे, रविवार आहे म्हणून जाऊ नको, तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, आणि तेव्हाच ओहोटीलाही पाणी जास्त खाली जातं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. पाणी सगळ्यात खाली जातं त्या वेळेच्या तासभर आधी पोच आणि पाणी फिरलं की लगेच मागे ये, शेवाळावरून घाईत पळणं फार वाईट.

आधी वरून जागा समजून घे. दोनापावलचं काबो भूशिर म्हणजे एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला झुआरी नदी, समोर समुद्र. टोकावर राज्यपालांचं निवासस्थान, त्यामुळे तिकडे असंच घुसता येत नाही. 1799 पासून काही वर्षं इथे इंग्रजांचं सैन्य होतं, त्यांची दफनभूमी अजून आहे, बघच. पलीकडे आग्वाद, किल्ला 1612 चा.

आता खरी मजा. खडकावर वरच्या पट्ट्यात बार्नॅकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचधारी जीव) नि कालवं, कारण ती कवच मिटून तासन्‌तास पाण्याबाहेर तग धरतात, आणि जसा खाली उतरशील तसे डबक्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), त्यांच्याच जातकुळीतल्या झोअँथिडचे हिरवट गालिचे. गालिच्यांना हात लावू नको, काहींत जबरदस्त विष असतं. उचललेला दगड होता तसा परत ठेव, खालचे जीव उन्हात मरतात, याबाबतीत मी कुणालाच सोडत नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कर, पावसात अजिबात नको. जुने बूट घाल, चपला नको.