अमेरिकेतून आणलेल्या फोनला अपडेट का येत नाही, आणि त्यातली सिम कंपनीची अ‍ॅप्स का निघत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसभावाने अमेरिकेत तिकडच्या एका सिम कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला गॅलॅक्सी फोन, हप्ते फेडून झाल्यावर तुम्हाला आणून दिला. कळव्यात जिओचं सिम घातलं तर नेट धावतं, पण कॉल लागत नाही. आठ महिन्यांत एकही अपडेट नाही. त्या कंपनीची पाच-सहा अ‍ॅप्स बोकांडी बसली आहेत. आणि शेवटी वैतागून तुम्ही विचारलंय, ‘फोन माझा आहे की त्या कंपनीचा?’

फोन तुमचा. आतलं सॉफ्टवेअर मात्र अजून तिच्याच ताब्यात आहे, तुम्ही कळव्यात असा नाहीतर कर्जतला.

मी चार वर्षं ऐरोलीत याच कामावर होतो. आमचं गिऱ्हाईक अमेरिकेतली एक मोबाइल कंपनी (नाव विचारू नका). रात्रपाळी असायची. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की पुढचंच स्टेशन ऐरोली, मध्ये दिघा गाव तेव्हा नव्हतं. नवं अपडेट गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी तिकडच्या लॅबमध्ये त्याच्या चाचण्या व्हायच्या, आणि त्यांचे लॉग, म्हणजे फोनने केलेल्या नोंदी, चाळायला आमच्याकडे यायचे. अपडेटचा प्रवास असा: गूगल अँड्रॉइडचा कोड देणार, चिपवाला त्यात आपले ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्राम, घालणार, फोन बनवणारी कंपनी आपला साज चढवणार आणि मग प्रत्येक सिम कंपनीसाठी वेगळं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती, काढणार. त्या बिल्डला सिम कंपनीने ‘पास’ म्हटलं तरच ते सुटायचं. नापास झालं की परत फोन कंपनीकडे, आणि पुन्हा रांगेत शेवटी.

या चाचण्यांतल्या निम्म्याअधिक रास्त होत्या, हे कबूल करतो. ९११ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, कॉल प्रत्येक वेळी लागलाच पाहिजे, चालत्या गाडीत टॉवर बदलताना आवाज तुटता कामा नये, यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण एकदा एक अख्खं बिल्ड परत गेलं, का तर व्हॉइसमेल (फोन न उचलल्यास समोरच्याने बोलून ठेवलेला निरोप) ऐकून झाल्यावरही त्याचं चिन्ह वरच्या पट्टीतून जात नव्हतं. त्यात महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या होत्या, त्याही चिन्हापायी अडकल्या. मला तर आधी शेजारच्या टेबलावर विचारावं लागलं होतं, की बाबा, हे व्हॉइसमेल प्रकरण आहे तरी काय!

दुसरी फाइल असायची ती आधीच भरायच्या अ‍ॅप्सची. तिला सुरक्षेचं कारण कोणी जोडत नसे, कारण तो सरळ जागाभाड्याचा धंदा होता. कंपनीचं स्वतःचं बिलाचं अ‍ॅप आणि क्लाउड तर असायचंच, शिवाय पैसे देऊन जागा घेतलेले गेम आणि बातम्यांची अ‍ॅप्स. यांतली बरीचशी सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या राखीव जागेत, बसवलेली असतात, म्हणून ‘अनइन्स्टॉल’चं बटणच दिसत नाही. हॉटस्पॉटही तसाच. बटण दाबल्यावर फोन आधी कंपनीला विचारतो, या माणसाच्या प्लॅनमध्ये हे बसतं का?

ही सत्ता आली कुठून? तिकडे वर्षानुवर्षं फोन दुकानापेक्षा सिम कंपनीच विकत आली. दोन वर्षांच्या कराराला बांधून घ्यायचं आणि फोन जवळजवळ फुकटात हातात ठेवायचा. म्हणजे फोन बनवणाऱ्याचं खरं गिऱ्हाईक सिम कंपनी, तुमचा मावसभाऊ नव्हे. अ‍ॅपलने २००७मध्ये पहिला आयफोन आणताना एटी अँड टी या एकाच सिम कंपनीला विक्रीचा हक्क दिला, पण सॉफ्टवेअर आपल्या हातात ठेवलं. म्हणून आजही आयफोनचं अपडेट सगळ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना एकाच दिवशी येतं, आणि सिम कंपनीच्या वाट्याला नेटवर्क सेटिंगची एक छोटी फाइल उरते. अँड्रॉइडवाल्यांना हे जमलं नाही. खुद्द गूगललाही नाही. २०११च्या डिसेंबरमध्ये गॅलॅक्सी नेक्सस हा गूगलचा स्वतःचा म्हणावा असा फोन व्हेरायझन या सिम कंपनीकडे आला, तो गूगल वॉलेट या फोनने पैसे देण्याच्या सोयीशिवाय. व्हेरायझनने कारण तांत्रिक दिलं, पण व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल तेव्हा मिळून स्वतःचं ‘आयसिस’ नावाचं वॉलेट काढत होते. पुढे त्या नावाची दहशतवादी संघटना जगभर गाजली, तेव्हा २०१४मध्ये घाईघाईने नाव ‘सॉफ्टकार्ड’ केलं, आणि २०१५मध्ये त्यातलं तंत्रज्ञान विकत घेतलं ते गूगलनेच.

गूगलने नंतर आडवाट काढली. २०१७च्या अँड्रॉइड ८पासून ‘ट्रेबल’ नावाच्या नव्या रचनेने चिपवाल्याचा भाग अँड्रॉइडपासून वेगळा काढला. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून सिस्टिमचे काही तुकडे प्ले स्टोअरच्या वाटेने थेट येऊ लागले. तुमच्या फोनमध्ये ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ अशी वेगळी ओळ दिसेल. ती दाबत राहा, तिथे सहसा सिम कंपनी आडवी येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं का नाही? कारण आपण फोन रोखीने ठाण्याच्या गावदेवीच्या बाजारातून घेतो आणि सिम वेगळं घेतो. ज्या कंपनीने फोनवर स्वतःचा रुपया लावला, तिने मात्र इथेही फोन बांधून घेतलाच. रिलायन्स इन्फोकॉमची ‘मॉन्सून हंगामा’ योजना आठवते? २००३, सुरुवातीला फक्त ५०१ रुपये. त्या सीडीएमए (तेव्हाचं एक वेगळं मोबाइल तंत्र) फोनांत सिमच नसायचं, नंबर फोनमध्येच भरलेला, आणि मेनूत कंपनीचं ‘आर वर्ल्ड’ हे स्वतःच्या सेवांचं दालन. त्याचा कारभार चालायचा आपल्याच कोपरखैरण्यातून. माझ्या वडिलांकडेही असाच एक सीडीएमए फोन होता. कंपनी बदलली तेव्हा तो माझ्या धाकट्या बहिणीला खेळायला मिळाला. २०१७चा जिओफोनही १५०० रुपये अनामतीवर मिळायचा, आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नसे.

बाकी आपल्याकडे दांडगाई फोन बनवणाऱ्यांची. १ ऑक्टोबर २०२२ला ५जी सुरू झालं, पण ५जीचे म्हणून विकलेले कितीतरी फोन फोन कंपनीचं अपडेट येईपर्यंत ४जीवरच होते. आयफोनवाल्यांना तर डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे इथे सिम कंपन्याच अपडेटची वाट बघत होत्या! ऐरोलीत बसून चार वर्षं उलटं चित्र पाहिलेल्या मला ते बघून हसू आवरेना. नको असलेल्या अ‍ॅप्सचंही तेच. स्वस्त फोनात ती भरतो फोनवाला.

तुमच्या फोनाचं काय करायचं ते सांगतो. नेट चालतंय म्हणजे सिम-लॉक (दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारं कुलूप) निघालेला आहे, ती चिंता नाही. कॉल न लागण्याचं कारण असं की जिओकडे २जी-३जी नाहीच, प्रत्येक कॉल व्हीओएलटीईवरून, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच, जातो, आणि तुमच्या बिल्डमध्ये जिओची ती सेटिंग बहुधा भरलेलीच नाहीत. एअरटेलचं किंवा व्हीआयचं सिम घालून बघा. त्यांचं २जी अजून चालू आहे, कॉल तिकडे उतरून लागेल. त्या वेळी नेट मंदावेल किंवा थांबेल, तेवढं सोसा.

अपडेटसाठी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये जा. तिथे सर्व्हिस प्रोव्हायडरच्या ओळीत तीन-तीन अक्षरांचे कोड दिसतील. भारतातल्या फोनात तिथे आयएनएस असतं, तुमच्यात त्या कंपनीचा कोड असेल. काही कंपन्यांचं अपडेट त्यांचं सिम आत नसेल तर वायफायवरून येतच नाही. त्यावर उपाय म्हणजे संगणकावरून ओडिन हा सॅमसंग फोनात सॉफ्टवेअर भरणारा प्रोग्राम वापरून अमेरिकेतल्याच अनलॉक्ड मॉडेलचं, म्हणजे ‘यू१’चं सॉफ्टवेअर टाकणं. त्यात कंपनीची अ‍ॅप्सही जातात, पण सगळा डेटाही जातो, आणि जिओचा कॉल सुरू होईलच असं मी लिहून देणार नाही. एवढं करायचं नसेल तर अ‍ॅप्स ‘डिसेबल’ करा. तेही होत नसेल तर सेटिंग्जमधलं यूएसबी डीबगिंग चालू करून एडीबीने (संगणकावरून फोनला हुकूम देणारं साधन) ती तुमच्यापुरती काढता येतात, रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेणं, करावं लागत नाही. मात्र फॅक्टरी रीसेट मारलात की सगळी वरात परत येते.

स्टेशनजवळचे दुकानदार ‘पाचशेत इंडियाचं सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतील. भारतातलं मॉडेल वेगळं, त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या फोनवर बसत नाही, आणि जबरदस्तीत फोन बंद पडला तर दुकानदार हात वर करेल. त्याला आधी मॉडेल नंबरच्या शेवटचं अक्षर वाचायला लावा. ‘यू’ बघूनही तो ‘सगळे सेमच असतात हो साहेब’ म्हणाला, तर फोन खिशात घालून सरळ रिक्षा पकडा.