‘एझेकिएल’ या हिब्रू नावाचा अर्थ काय? मुलासाठी ठेवावं का?

मूळ उच्चार येहेझकेल. ‘हझक’ म्हणजे बळ, ‘एल’ म्हणजे देव. देव बळ देवो, असा अर्थ. शेवटचा ‘एल’ ओळखू आला की डॅनिएल (देव माझा न्यायाधीश), राफाएल (देवाने बरं केलं) ही नावंही उलगडतात.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, “शुद्ध हिब्रू हवं, बेने इस्राएलींसारखं गावठी रूप नको.” मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. ते मला लागलं, म्हणून लिहितोय.

माझ्या आजोबांचं नाव हसाजी. अलिबागजवळच्या आमच्या गावी सातबारावर हसाजी आणि मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणत) तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावताना येहेझकेल बेन शमुएल (शमुएलचा मुलगा येहेझकेल). सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी ठेवलेलं नाव ते हेच. कोकणात अब्राहमचा अबाजी झाला, शमुएलचा समाजी, बेंजामिनचा बन्नाजी. शेजारीपाजारी तानाजी, धोंडाजी असताना आमच्या नावांनाही ‘जी’ लागणारच.

आजोबांच्या वर्षाला कबरीवर दगड बसवायचा होता. दादा इस्राएलमधल्या अश्दोदहून आला होता. म्हणाला, फक्त हिब्रू कोरायचं, हसाजी हे नाव आपलं वाटत नाही. मी म्हटलं, अख्खा गाव ज्या नावाने हाक मारायचा तेच गाळायचं? मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, ‘शाआर हारहमीम’, १७९६ साली बांधलं ते शमुएल एझेकिएल दिवेकरांनी. लोक त्यांना समाजी हसाजी दिवेकर म्हणत. हसाजीचा मुलगा सिनेगॉग उभारतो आणि हसाजी नाव मात्र आपलं नाही? (रहमीम म्हणजे करुणा. तो शब्द ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, याच धातूचा. मला हिब्रूतलं याहून सुंदर काही माहीत नाही.)

दादा थोरला, त्याचंच झालं. पुढच्या वर्षी शेजारच्या काकू कबरीला हात लावायला आल्या, तर त्यांना आजोबांचा दगड सापडेना. सगळी अक्षरं हिब्रू. मी हात धरून नेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला आपल्या बोलीतली नावाची रूपं हलकी वाटतात, त्याला नाव कळलेलंच नाही. रूप बदललं ते नाव तोंडात राहिलं म्हणून.

हे मी फक्त बेने इस्राएलींपुरतं बोलतोय, कोचीच्या ज्यूंची रीत वेगळी. आणि प्रत्येक अर्थ ‘एल’इतका सरळ नसतो. मोशे म्हणजे ‘पाण्यातून काढलेला’ असं तोरा सांगते, पण बरेच अभ्यासक ते नाव मुळात इजिप्शियन मानतात.

मुलाचं नाव खुशाल एझेकिएल ठेवा. कागदावर तेच राहू द्या, घरात हसा म्हणा. आमच्या दगडावर अजून एका ओळीची जागा आहे. दादा हो म्हणाला की मी तिथे देवनागरीत हसाजी कोरून घेणार आहे.