ग्रीसला सुट्टीवर गेल्यावर आसिर्तिकोपलीकडच्या वाइन कशा शोधाव्यात?

तुम्ही सप्टेंबरमध्ये अथेन्स, सँटोरिनी आणि क्रीट असे दहा दिवस ठरवलेत आणि आसिर्तिको या सँटोरिनीच्या पांढऱ्या द्राक्षवाणाखेरीज काय प्यावं, ते कसं मागावं असं विचारलंत. माझं सांगणं एकच: वाइनरीच्या नावामागे न जाता द्राक्षाच्या वाणाचं नाव धरा, आणि तो वाण जिथला, तिथेच प्या.

सर्वांत जास्त वेळ क्रीटला द्या. हेराक्लिओन शहराच्या दक्षिणेला पेझा, आर्खानेस आणि दाफ्नेस ही गावं गाडीने जवळच आहेत. पांढऱ्यात आधी विदियानो मागा: जर्दाळूचा वास, अंगाने भरलेली, म्हणजे तोंडात जड लागणारी. लालमध्ये कोत्सिफालीत सुगंध आणि अल्कोहोल भरपूर, पण रंग फिका. मांदिलारियात रंग आणि तुरटपणा दणकट, पण अंग हलकं. म्हणूनच पेझा आणि आर्खानेसच्या लाल वाइनमध्ये दोन्ही एकत्र असतात. लिआतिकोची वाइन तर इतकी फिकी, विटकरी दिसते की ती खराब झालीय असं वाटून लोक परत पाठवतात. तो त्या वाणाचा स्वभावच आहे, रंगावरून ठरवू नका.

एक घोळ इथे हमखास होतो. दाफ्नेस हे गाव, तिथली नामांकित लाल वाइन लिआतिकोची. दाफ्नी हा वेगळाच, पांढरा वाण. जवळजवळ नाहीसा होत आला होता, तो पुन्हा लावला गेला. ‘दाफ्नी’ म्हणजे लॉरेलचं झाड, आणि वाइनला खरोखर त्याच्या पानांचा वास येतो. आपल्या तमालपत्राहून हा वास निराळा, निलगिरीकडे झुकणारा. कुठे दिसली तर सोडू नका.

सप्टेंबरमध्ये क्रीटला द्राक्षतोडणी चालू असते. नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये जी धांदल दिसते ती तिथे तेव्हा, त्यामुळे न सांगता गेलात तर दार बंद मिळू शकतं. एक-दोन दिवस आधी फोन किंवा ईमेल करा. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावी. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात कमीपणा नाही. कायद्याची मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे, दुचाकीस्वाराला ०.२.

तावेर्नात, म्हणजे ग्रीक खानावळीत, सुटी वाइन ‘हीमा’ म्हणून मिळते आणि ती किलोवर मागतात. ‘मिसो किलो’ म्हणजे अर्धा किलो, साधारण अर्धा लिटर, दोघांना पुरे. ‘तेतार्तो’ म्हणजे पाव. पांढरी ‘आस्प्रो’, लाल ‘कोक्किनो’. आधी घोटभर चाखायला मागा. पांढरी तपकिरीकडे झुकली असेल किंवा कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, व्हिनेगरचा वास येत असेल, तर तिला हवा लागलेली आहे, बाटलीकडे वळा. लाल बऱ्याचदा उन्हाळी खोलीच्या तापमानाला येते आणि नुसतं अल्कोहोल नाकात जातं. दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. पांढरीचं उलट: फ्रीजमधून काढल्याकाढल्या वासच लागत नाही, १०-१२ अंशांपर्यंत येऊ द्या.

सँटोरिनीला आसिर्तिको तर मिळेलच, पण निक्तेरी आणि माव्रोत्रागानो मागून पाहा. निक्तेरी पांढरीच, पण पिंपात मुरवलेली, जड; नाव रात्रीवरून आलंय, कारण द्राक्षं रात्री गाळली जात. माव्रोत्रागानो लाल आणि तुरट, मांसाबरोबरच घ्या. वारा आणि दुष्काळ यांमुळे तिथे वेली टोपलीसारख्या जमिनीलगत गुंडाळतात. उत्पादन थोडं, म्हणून भाव चढे. बाटल्या विकत घ्यायच्या तर मी क्रीटलाच घ्यायला सांगेन.

अथेन्सचा विमानतळ ज्या मेसोगिया भागात आहे, तो साव्वातियानोचा मुलूख. रेत्सिना मुख्यतः याच वाणाची, पाइनची राळ घालून केलेली. टर्पेंटाइनसारखी लागली म्हणून कायमची नाकारू नका. राळ जपून घातलेली, ताजी रेत्सिना तळलेल्या माशांबरोबर फार छान जमते.

परतताना बाटल्या चेक-इन सामानातच टाका, १०० मिलीवरचं द्रव केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी चालत नाही. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलीच्या तीन बाटल्या सव्वादोन लिटर होतात, म्हणून दोन मोठ्या आणि तिसरी विन्सांतोची ५०० मिलीची छोटी, असा हिशेब बरोबर बसतो. ही विन्सांतो सँटोरिनीची, द्राक्षं उन्हात वाळवून केलेली गोड वाइन. उघडल्यावर फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते.