तंबाखू ओढायचा लाकडी पाइप घडवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंद पडलेल्या कारखान्यातले यंत्रमागाचे जुने धोटे (कापडात आडवा धागा नेणारे लाकडी तुकडे) भंगारात मिळाले. लाकूड फार टणक आहे. त्याचा पाइप होईल का? (वाचक, अशोक चौक)

उत्तर : ज्या वाटीत तंबाखू जळते, ती यातून करू नका. यंत्रमागाचे बरेच धोटे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांत फिनॉलिक राळ मुरवून, उष्णता आणि दाब देऊन बनवलेले असतात. कडेवर समांतर रेषा दिसल्या की ओळखावं. असं लाकूड तापलं की राळेचा धूर थेट ओढणाऱ्याच्या तोंडात जातो. धोटा अखंड लाकडाचा असला, तरी त्यात मागावरचं तेल मुरलेलं असतं, आणि मधला भाग सुताच्या कांडीसाठी कोरलेला असल्याने वाटीपुरता ठोकळाही निघत नाही. पाइप ठेवायचा स्टँड मात्र या लाकडाचा सुंदर होतो.

प्रश्न : मग लाकूड कोणतं घ्यावं? बाभळीचा ओंडका आणला होता, तो मे महिन्यात उभा तडकला. (वाचक, बाळे, सोलापूर)

उत्तर : ओढण्याच्या पाइपसाठी पहिली पसंती ब्रायरला. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ असते, ती म्हणजे ब्रायर. ठोकळे कापल्यावर ते कित्येक तास पाण्यात उकळून आतला रस काढतात आणि मग महिनोन्‌महिने सुकवतात. म्हणून ते उष्णता सोसतं आणि लवकर जळत नाही. आपल्याकडे ते बाहेरून मागवावं लागतं. ऑलिव्ह, चेरी आणि नासपती यांचेही पाइप होतात. हात बसेपर्यंत बाभूळ, बोर यांवर भोकं पाडण्याचा सराव करा; महागडा ठोकळा पहिल्याच दिवशी हातात घेऊ नये. कण्हेर, काजरा आणि बिब्बा यांना हातही लावू नका. पहिली दोन झाडं विषारी आहेत आणि बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. शिसवीच्या भुशाने काहींना पुरळ उठतं, दम लागतो; मास्क लावूनच घासा.

ओंडका तडकला, कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हात त्याच्या कापलेल्या तोंडांतून पाणी झपाट्याने उडालं आणि आतला गाभा ओलाच राहिला. बाहेरचं आकसतं, आतलं आकसत नाही, मग फाटतं. कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्या. ठोकळा पत्र्याखाली किंवा गच्चीवर नको, घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ चार-पाच आठवडे वजन घटलं नाही की लाकूड तयार.

प्रश्न : बाहेरचा आकार छान जमतो, पण भोकं जुळत नाहीत. धुराचं भोक वाटीच्या तळाच्या बरंच वर निघतं. (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : क्रम उलटा झाला आहे. आधी भोकं, मग आकार. ठोकळा चौकोनी असतो तोवरच तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) सरळ पकडता येतो आणि कोन मोजता येतो.

साध्या सरळ पाइपला सुमारे १००×६०×४० मिमीचा ठोकळा घ्या. बाजूच्या सपाट अंगावर वाटी, धुराचं भोक आणि खोबण (तोंडात धरायची नळी, म्हणजे तोंडी, जिच्यात बसते ती) खऱ्या मापाने पेन्सिलीने आखा. दांड्याच्या टोकाकडून आधी ८ मिमी व्यासाची, २० मिमी खोल खोबण पाडा. तिच्याच मध्यातून ४ मिमीचं लांब बिट (ड्रिलचं पातं) वाटीच्या मध्यरेषेपर्यंत न्या. बारीक लांब बिट लाकडाच्या रेषेबरोबर भरकटतं, त्यामुळे जोर लावू नका. दर ५-६ मिमीला बाहेर काढून भुसा झटका. वाटी सगळ्यात शेवटी : व्यास १९ मिमी, खोली साधारण ४० मिमी. यासाठी चपटं बिट ग्राइंडरवर टोकाला गोल घासून घ्या, तळ गोलसर येतो. ३५ मिमीनंतर दर मिलिमीटरला थांबून टॉर्चने पाहा. धुराच्या भोकाची खालची कड तळाशी टेकली की थांबायचं. हातातल्या ड्रिलने हे जमणार नाही. बेंच ड्रिल नसेल तर फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधून फक्त तीन भोकं पाडून आणा, बाकी सगळं कानशीने घरी होतं.

खोली जास्त झाली तर तळाशी न जळलेली ओली तंबाखू साचते. सिगारची राख पाण्यात दाट कालवून तळ भरून घ्या आणि पुरता वाळू द्या. आकार देताना वाटीची भिंत कुठेही ६ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, तळाशी ८ ठेवा. पातळ भिंत आधी चटके देते, मग जळून भोक पडतं. तोंडीचं कुसू, म्हणजे खोबणीत शिरणारं टोक, खोबणीपेक्षा जेमतेम अर्धा मिमी आखूड हवं. जास्त पोकळी राहिली तर तिथे ओल जमून पाइप गुरगुरतो.

प्रश्न : पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणजे बिडीइतका अपाय नाही ना? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : अपाय आहेच. तोंड, जीभ, घसा यांच्या कॅन्सरचा धोका पाइपनेही असतो. निव्वळ कोरीवकामासाठी पाइप घडवून शोकेसमध्ये ठेवणारेही आहेत. छंद तेवढ्यावरही पुरा होतो.

प्रश्न : चकाकीसाठी वॉर्निश चालेल का? (वाचक, होटगी रोड)

उत्तर : नको. वाटी तापली की वॉर्निशला फोड येतात. १५०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर याच क्रमाने वापरा. २२० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळवा, दबलेले तंतू उभे राहतील, ते पुढच्या कागदाने निघतात. एक नंबर गाळला तरी आधीच्या कागदाचे ओरखडे रंग दिल्यावर उठून दिसतात. रंग स्पिरिटमधला घ्या. शेवटी कापडी बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) कार्नोबा नावाचं कडक वनस्पती मेण. वाटीच्या आत मेण नाही, रंग नाही. हवा तर दह्यात सक्रिय कोळशाची पूड कालवून पातळ थर द्या आणि दोन-तीन दिवस वाळवा. त्या वेळी धुराच्या भोकात पाइप क्लीनर घालून ठेवा, नाहीतर तेच बुजेल.