छायाचित्रातली एकांडी मधमाशी

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या गॅलरीतल्या तुळशीवर निळ्या पट्ट्यांची माशी येते. सोबतच्या छायाचित्रांवरून तिची नेमकी जाती सांगता येईल का?

उत्तर : आपण पाठवलेली माशी ‘अमेगिला’ या प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील) आहे, हे खात्रीने सांगता येते, नेमकी जाती मात्र नाही, कारण या गटातील जवळच्या जाती वेगळ्या ओळखण्यासाठी बहुधा नमुना सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. ही माशी पोळे बांधत नाही. प्रत्येक मादी मातीत स्वतंत्र बीळ करते, म्हणून हिला एकांडी मधमाशी म्हणतात. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात तिच्या मागच्या पायांवरच्या दाट केसांत पराग अडकलेला स्पष्ट दिसतो, आणि हीच खूण मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यावरून इतर माशा वेगळ्या ओळखता येतात. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी माशी (मेगाकाइल) पराग पोटाच्या खालच्या बाजूला वाहते. निळ्या पट्ट्यांऐवजी निळे ठिपके असतील आणि पराग वाहण्याचे केस मुळीच नसतील, तर ती बहुधा अमेगिलाच्या घरट्यात अंडी घालणारी ‘थायरियस’ असते. मोठा काळा भुंगा हीसुद्धा एकांडी मधमाशीच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

यापुढे कृपया वरून, बाजूने आणि समोरून अशी छायाचित्रे घ्यावीत; पंखांतील शिरा स्पष्ट दिसल्या तर फारच उत्तम. दिनांक, ठिकाण आणि फुलाचे नावही कळवावे. माशीला पकडू मात्र नये.